खारा वारा आणि पोलाद

मी बी. ए. झालेला कवी, लोखंड मला प्रतिमेपुरतं ठाऊक. मुलगा मात्र इंजिनिअर झाला आणि पहिल्याच नोकरीत कामासाठी धातू ठरवू लागला. नवी मुंबईत खाडीकाठच्या एका कठड्यासाठी त्यानं ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील लिहून दिलं. वर्षभरात त्यावर तांबूस डाग उमटले. "अब्बा, हे तर न गंजणारं ना?" तो खजील होऊन म्हणाला.

मग आम्ही दोघंही वाचू लागलो. १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं क्रोमियम मिसळलेलं पोलाद ओतलं. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून अदृश्य पापुद्रा धरतं; तोच पोलादाला राखतो. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड नेमका तो पापुद्रा फोडतं. म्हणून समुद्राकाठी दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेलं ३१६ वापरतात. १९७० च्या दशकातल्या ठाणे खाडीवरच्या पहिल्या पुलाचंही दुखणं गंजाचंच होतं; काँक्रीटमधल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या आणि १९९० च्या दशकात शेजारी दुसरा पूल आला.

मुलानं आपली चूक साहेबांना लेखी कळवली. आता धातू ठरवण्याआधी तो त्या जागी जाऊन येतो, वारा कुठून येतो ते पाहतो.