सहावी ते आठवी : वर्ष २२० दिवसांचं, पण पोरं शाळेत किती दिवस?

एरंडोल : जून लागला की एरंडोल, कासोदा, रिंगणगावच्या बाजारात दोन ठिकाणी एकदमच गर्दी होते. एक वह्या-दप्तराच्या दुकानात आणि दुसरी कृषी केंद्रावर, कापसाच्या बियाण्यासाठी. पैसा एकाच खिशातून जातो आणि वर्षभर दोन्हीकडे लक्षही एकाच घराला द्यावं लागतं. कापसाचं गणित घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. सहावी, सातवी, आठवीच्या वर्षाचं गणित मात्र फार थोड्या घरांत माहीत असतं. ते असं आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे. सहावी ते आठवीला हेच २२० दिवस आणि १,००० तास होतं. म्हणजे रोजचे साधारण साडेचार तास प्रत्यक्ष शिकवण्याचे. सहावीपासून गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी वेगवेगळे शिक्षक हवेत आणि ३५ मुलांमागे निदान एक शिक्षक हवा, असंही हा कायदा सांगतो. वरच्या वर्गांत एकाच गुरुजींकडे सगळे विषय असतील, तर त्याबद्दल विचारायला पालक मोकळे आहेत.

दिवस कुठे गळतात

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. २१ जूनला योगदिन होतो आणि पावसाळ्यात शाळा बऱ्यापैकी भरलेली असते. श्रावणात कानबाईचा रोट, मग पोळा, गणपती; तेवढ्यापुरते एक-दोन दिवस जातात, त्यात काही वावगं नाही. पहिलं सत्र दिवाळीपर्यंत चालतं.

खरी गळती दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. कापूस फुटतो, वेचायला मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोमागे पैसे मागतो. मग सातवीतली मुलगी "दोन दिवस" म्हणून वावरात जाते. दोन दिवसांचे चार आठवडे कधी होतात ते घरालाही कळत नाही. आठवड्याला सहा धरले तर चार आठवडे म्हणजे २४ दिवस. २२० मधले २४ गेले म्हणजे शंभरातले जवळपास ११ दिवस गेले. आणि ते सुटे सुटे जात नाहीत, सलग जातात. दुसऱ्या सत्राची सुरुवात त्यातच बुडते. गणितात पुढचा धडा मागच्यावर उभा असतो, त्यामुळे डिसेंबरात परत आलेल्या पोरीला फळ्यावर काय चाललंय तेच कळत नाही. "हिला गणित जमत नाही" असं मग घरीही म्हटलं जातं आणि वर्गातही. जमत नाही असं नसतं. तेव्हा ती वर्गात नव्हतीच.

वेचणी बंद करा, असं कुणाला सांगून उपयोग नाही. पण वेचणीला जायचंच असेल तर रविवार आणि सुट्टीचे दिवस आधी वापरावेत, आणि पोरगी सलग आठवडाभर घरी राहणार असेल तर वर्गशिक्षकांना आधी कळवावं. सांगितलं तर गुरुजी मागे पडलेला भाग वेगळा करून देतात. न सांगता गैरहजर राहिलेलं मूल हजेरीपटावर फक्त एक खाडा असतं.

ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला घरच बाहेरगावी जात असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. ते दाखवलं की जिथे जाल तिथल्या शाळेत मुलाला बसता येतं.

मार्चपासून खानदेशातलं ऊन पाहून शाळा सकाळची होते. एप्रिलमध्ये परीक्षा असते आणि त्याच सुमाराला आखाजीचे झोके आणि लग्नसराई. निकाल साधारण १ मे रोजी हातात पडतो.

वर्गात काय शिकवलं जातं

सहावीला इतिहासात प्राचीन भारत, सातवीला मध्ययुगीन म्हणजे शिवाजी महाराज आणि मराठे, आठवीला आधुनिक भारत. गणितात शेकडेवारी, नफा-तोटा, व्याज या तीन वर्षांत येतात. आठवीला चक्रवाढ व्याज. कापसाची काटापट्टी, सोसायटीच्या कर्जाची पावती, बचत गटाचं पासबुक ही त्याचीच उदाहरणं घरात पडलेली असतात. पोराला पावती वाचायला द्यावी आणि हिशोब तपासायला सांगावा. चूक निघाली तर बापाचाही फायदा.

भाषेचा मुद्दा इकडे वेगळा आहे. घरात अहिराणी आणि पुस्तकात प्रमाण मराठी. "मना बाप वावरमा जास" असं सहज बोलणारं पोर "माझे वडील शेतात जातात" लिहिताना अडखळतं. ते कच्चं आहे असं यावरून ठरवणं चूक आहे. त्याला एक भाषा येते आणि दुसरी ते शिकतंय. जे शिक्षक आधी अहिराणीत सांगू देतात आणि मग तेच मराठीत लिहून घेतात, त्यांच्या वर्गात मुलं बोलती होतात. अहिराणी बोलल्याबद्दल हसणं किंवा रागावणं, घरी असो की शाळेत, मुलाचं तोंड बंद करतं.

पुस्तकातला इतिहास दूरचा वाटतो, पण जळगाव जिल्ह्यातच तो हाताच्या अंतरावर आहे. गिरणेकाठच्या बहाळला (चाळीसगाव तालुका) उत्खननात ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. त्याच तालुक्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी निघाले. म्हणजे कधीकाळी या भागात शहामृग होते. पाटणादेवीजवळच्या शिलालेखात गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद आहे. तो लेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. शाळेची सहल पद्मालयाला दरवर्षी जाते ती जावीच, पण एखाद्या वर्षी पाटणादेवीला नेली तर सहावीचा इतिहास आणि गणित दोन्ही एका दिवसात डोळ्यांसमोर येतील.

वर्गातलं शिकणं पुस्तकाबाहेर कसं न्यावं याचा दाखला शेजारच्या अमळनेरचाच आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं 'छात्रालय' दैनिक काढत. छपाई नाही, खर्च नाही, पण रोज काहीतरी नवं वाचायला. आज भिंतीवर एक कागद लावून सहावीच्या मुलांनी आठवड्याला गावातली बातमी, पावसाचे आकडे, कापसाचा भाव लिहिला तरी तेच काम होतं. मोबाइल घराघरात आहे, लिहिणारा हात मात्र तयार करावा लागतो.

गुण कसे पडतात

'आकारिक' म्हणजे वर्षभर चालणारं मूल्यमापन : तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, गृहपाठ, लहान चाचण्या. 'संकलित' म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा. पाचवी-सहावीला दोन्हींना ५०-५० टक्के भार असतो. सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०. म्हणजे सहावीतलं मूल महिनाभर शाळेत नसेल तर पेपर चांगला लिहूनही अर्ध्या गुणांच्या बाजूला फटका बसतो. हजेरीचा संबंध इथे थेट येतो.

"आठवीपर्यंत नापास करत नाहीत" हे वाक्य गावात अजून चालतं, पण ते आता जुनं झालं. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे आणि पास व्हायला ३५ टक्के लागतात. कमी पडले तर मुलाला जादा मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षा घेतली जाते. त्यातही पास झालं नाही तर ते त्याच वर्गात राहतं. शाळेतून काढून टाकता मात्र येत नाही.

खेळाचा तास कोण खातं?

कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना लेखी पेपर नाही. त्यांचं मूल्यमापन पूर्णपणे आकारिक. पेपर नाही म्हणून डिसेंबर-जानेवारीत अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो. वेळापत्रकावर 'शा.शि.' लिहिलेलं असतं आणि वर्गात गणित चालू असतं. पालकही खूश असतात, "बरं झालं, शिकवताहेत" म्हणून. पण अकरा-बारा वर्षांचं पोर सकाळपासून बसलेलं असतं. एक तास धावून आलेलं मूल नंतर जास्त वेळ लक्ष देतं, हे कोणताही जुना शिक्षक सांगेल.

कायदा इथेही शाळेच्या बाजूने आहे. शाळेला क्रीडांगण आणि खेळाचं साहित्य हवं, आणि सहावी ते आठवीत १०० हून जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. तालुक्यातल्या लहान गावांत पट तेवढा नसतो, म्हणून वर्गशिक्षकच शिट्टी घेऊन उभे राहतात. ते चालतं. मैदानावर काट्या आणि गोवऱ्या नसल्या म्हणजे झालं, आणि ते काम ग्रामपंचायतीचं आणि गावाचंही आहे.

खर्चाची सबब खो-खोला लागू होत नाही. दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि मोकळी जमीन पुरते. मैदानावर एका संघाचे ९ खेळाडू, त्यातले ८ चौकात बसलेले आणि एक पाठलाग करणारा. या खेळाचे नियम पुण्यात बांधले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. कबड्डीला तर खांबही लागत नाहीत. सात-सात खेळाडू आणि ३० सेकंदांची चढाई.

स्पर्धांची वाट अशी : तालुका, जिल्हा, विभाग (जळगावसाठी नाशिक), राज्य आणि मग राष्ट्रीय. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे. सहावी-सातवीची मुलं बहुतेक १४ खालच्या गटात बसतात. गट जन्मतारखेवर ठरतो, इयत्तेवर नाही. म्हणून आठवीतला एखादा मोठा मुलगा १७ खालच्या गटात जातो. नोंदणी शाळेमार्फतच होते आणि पावसाळ्यातच सुरू होते. दिवाळीनंतर "आमच्या पोराला का नाही नेलं" असं विचारून उपयोग नसतो. जन्माचा दाखला आणि आधारवरची तारीख जुळते का, ते जुलैतच पाहून ठेवावं. सहभागाची आणि विजयाची प्रमाणपत्रं फाइलला लावावीत. दहावीला क्रीडा सवलतीचे वाढीव गुण कोणत्या स्तरापर्यंत खेळलं यावर ठरतात.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. सातवीत आल्यावर अनेक घरांत "आता मोठी झाली" म्हणून मैदान बंद होतं. याच नाशिक विभागातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली. प्रत्येक मुलगी पदक आणेल असं नाही. पण धावायची परवानगी तरी हवी.

ताट आणि निळी गोळी

खेळायला अंगात रक्त लागतं. पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. खालच्या वर्गांसाठी हेच १०० ग्रॅम, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम. आठवीच्या मुलाच्या ताटात तिसरीच्या मुलाएवढाच भात पडत असेल तर विचारावं. सहावीपासून आठवड्याला एक निळी लोहाची गोळी शाळेतून मिळते. जेवणानंतरच घ्यायची. शौचाला काळसर झालं तर घाबरायचं कारण नाही, लोहाच्या गोळीने तसं होतं. पोरं गोळी खिशात घालून घरी आणतात आणि फेकतात, तेवढं लक्ष ठेवावं. वर्षातून जंतनाशक गोळीही दिली जाते.

सातवीनंतरची फट

गावातल्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळा सातवीला संपतात. आठवीला मोठ्या गावी किंवा एरंडोलला जावं लागतं आणि मुलींची शाळा सुटते ती बहुतेक इथेच. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत शाळेच्या प्रवासासाठी एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. अर्ज शाळेतूनच भरला जातो.

आठवीतच एनएमएमएस ही परीक्षा असते. सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळेतली मुलं बसू शकतात. बुद्धिमत्तेचे ९० प्रश्न आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न, प्रत्येकी दीड तास. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. ५५ टक्क्यांची ही अट सातवीच्या निकालावर असल्यामुळे वेचणीत गेलेले ते २४ दिवस इथे पैशाच्या हिशोबातही मोजावे लागतात.

तक्रार किंवा सूचना असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत मांडावी. समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, अध्यक्ष पालकच असतो आणि महिन्यातून एकदा बैठक व्हायला हवी. वेळापत्रकातला खेळाचा तास, ताटातलं वजन, दिवाळीनंतरची हजेरी, हे तिन्ही विषय तिथे मांडता येतात आणि इतिवृत्तात लिहून घेता येतात. सातवी झाल्यावर दुसऱ्या गावी नाव घालताना शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला, तरी तेवढ्यासाठी आठवीचा प्रवेश अडवता येत नाही.