डॅशबोर्डमधलं भोक

गेल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मी बाबांच्या गाडीत तिरपा बसून डॅशबोर्डच्या फटीत प्लास्टिकची पट्टी खुपसत होतो. (स्क्रू ड्रायव्हरने हा उद्योग करू नका, ओरखडे पडतात. कसं कळलं ते विचारू नका.)

गाडी २०१० सालची, एका युरोपीय कंपनीची हॅचबॅक. इंजिन अजून ठणठणीत. कंपनीतून आलेला स्टिरिओ मात्र त्या काळचा : एफएम, सीडी आणि नारिंगी आकडे. ब्लूटूथ नाही, यूएसबी नाही. गेल्या महिन्यात बाबांना फोनवरचा नकाशा मांडीवर ठेवून सिंहगड रोडवर गाडी चालवताना बघितलं आणि म्हटलं, आता बास. नाना पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "अँड्रॉइड टाकून घ्या साहेब. सात इंची. फ्रेम, कपलर सगळं येतं, एक वायर कापायची नाही." किंमत कंपनीच्या नव्या सेटच्या पाव पट. बसवायचे पैसे वेगळे म्हणाला, तेव्हा आमच्यातला इंजिनिअर जागा झाला. म्हटलं, द्या इकडे, मी बसवतो.

तर तासाभराच्या झटापटीनंतर चौकट सुटली, चार स्क्रू निघाले, जुना सेट बाहेर आला आणि मागे उरलं एक काळं आयताकृती भोक. त्यातून वायरींचा एक झुबका लोंबत होता. त्यात दुकानदाराचा कपलर खट्कन बसला, नवा डबा आत सरकला, किल्ली फिरवली, स्क्रीन लागली! पाऊण मिनिटात सगळं सुरू. मी घरात जाऊन चहाची ऑर्डर दिली.

दुपारी परत किल्ली फिरवली तर एफएमची साठवलेली सगळी स्टेशनं गायब, आणि घड्याळात पहाटेचे साडेपाच. तारीख १ जानेवारी १९७०.

आमच्या धंद्यातल्या लोकांना इथे हसू येईल. युनिक्स मंडळींचं कालगणनेचं शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र. त्या वेळी आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे बिचारा डबा दर वेळी नव्याने जन्म घेत होता, फक्त भारतात जन्मलोय एवढं त्याच्या लक्षात राहत होतं. :-)

असो. हे का झालं ते शोधता शोधता मी त्या भोकाच्या इतिहासात शिरलो आणि रविवार त्यातच गेला. गाडीच्या मधोमध असलेली ही जागा नक्की कुणाची, यावर नव्वदहून जास्त वर्षं भांडण चालू आहे.

सुरुवातीला भोकच नव्हतं. १९३० साली शिकागोत पॉल गॅल्विन नावाचा माणूस धंदा वाचवायच्या विवंचनेत होता. त्याची कंपनी घरातल्या बॅटरीवरच्या रेडिओंना विजेवर चालवणारं यंत्र बनवायची. मग रेडिओच थेट विजेवर चालणारे आले, आणि त्यात १९२९ ची मंदी. गाडीत रेडिओ बसवायचा ही कल्पना काही त्याची एकट्याची नव्हे, पण परवडेल असा रेडिओ करायचा हट्ट त्याचा. अडचणी मात्र खऱ्या होत्या. स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओत कडकड करून ऐकू यायची, म्हणून प्रत्येक प्लगला रेझिस्टर लावायचा. व्हॉल्व्हना शेकडो व्होल्ट लागत, गाडीत सहा; म्हणून फरशीखाली वेगळ्या बॅटऱ्या. टप तेव्हा बराचसा कापडी असायचा, त्याच्या अस्तरात जाळी घालून अँटेना करायची. (१९३५ च्या सुमारास जनरल मोटर्सने सलग पोलादी टप आणले आणि ती जाळी निकामी झाली. अँटेना आधी पायरीखाली गेली, मग काठी होऊन बाहेर आली.) म्हणजे अख्खी गाडी उसवायची आणि परत शिवायची. गॅल्विनने एका बँकरला खूश करायला त्याच्या पॅकार्डमध्ये रेडिओ बसवला आणि थोड्याच वेळात गाडीने पेट घेतला, अशी गोष्ट सांगतात. खरी की तिखटमीठ लावलेली कोण जाणे, पण पार्किंगमध्ये हातात उघड्या वायरी असताना ती वाचू नये.

त्या जूनमध्ये अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचं अधिवेशन होतं. गॅल्विनला आत स्टॉल परवडत नव्हता. त्याने आपली स्टुडबेकर दाराबाहेर उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावला! ऑर्डरी मिळाल्या. रेडिओची किंमत बसवण्यासकट ११० ते १३० डॉलर, जेव्हा फोर्डची मॉडेल ए गाडीच पाचशे डॉलरच्या आसपास मिळायची. रेडिओचं नाव मोटोरोला. मोटर आणि तेव्हाच्या व्हिक्ट्रोला ग्रामोफोनचं 'ओला'. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतलं. जर्मनीत १९३२ साली ब्लाउपुंक्टचा ऑटोसुपर एएस ५ आला, तो तर पंधरा किलोचा. तो डॅशबोर्डमध्ये कसला मावतोय! डबा कुठेतरी आत दडवायचा आणि चालवायच्या कळा स्टिअरिंगच्या दांड्यावर. स्टिअरिंगवरची बटणं ही नवी चैन आहे असं मला आजवर वाटायचं.

मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच सुमारास गाडीतल्या रेडिओवर बंदी आणायचा विचार चालला होता. चालकाचं लक्ष विचलित होईल, गाणं ऐकत तो झोपेल, अशी भीती. बंदी काही टिकली नाही. मी आज त्याच भीतीने स्क्रीन बसवत होतो, म्हणजे लक्ष मांडीवरून निदान समोर यावं म्हणून. कोण बरोबर, देव जाणे.

मग रेडिओ लहान होत गेला. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरवाला कार रेडिओ आणला, १५० डॉलरला. व्हॉल्व्ह गेले, उष्णता गेली, डबा डॅशबोर्डमध्ये मावायला लागला. पण प्रत्येक कंपनीचं भोक वेगळं. दोन गोल दांडे, त्यांवर दोन कान आणि मध्ये काटा. दांड्यांमधलं अंतर ज्याचं त्याचं. दुकानदार करवत आणि कानस घेऊन बसायचे.

यावर तोडगा निघाला तो जर्मनीत. डीआयएन, म्हणजे आपल्या बीआयएससारखी तिथली मानक संस्था, तिने ७५४९० क्रमांकाचं मानक काढलं आणि १९८४ मध्ये तेच आयएसओ ७७३६ म्हणून आंतरराष्ट्रीय झालं. त्यात काय आहे? एक आयत. रुंदी १८२ मिलिमीटर, उंची ५३. एवढंच. गाडी कुणाचीही असो, भोक या मापाचं ठेवा. रेडिओ कुणाचाही असो, त्यात बसेल. जपान्यांनी पुढे दुप्पट उंचीचं केलं, तेच आपल्याकडे दुकानात 'डबल डिन' म्हणून ओळखलं जातं. बाबांच्या गाडीत तेच आहे. मागच्या प्लगचंही मानक झालं, आयएसओ १०४८७. कुठल्या पिनवर स्पीकर, कुठे अर्थ, कुठे बॅटरी.

आम्ही सॉफ्टवेअरवाले इंटरफेस, इंटरफेस म्हणून ज्याचा जप करतो, ते हेच. दोन परक्यांनी एकमेकांना न भेटता केलेला करार. या एका आयताने बाहेरच्या स्टिरिओवाल्यांना केवढं रान मोकळं करून दिलं बघा. कॅसेट आली, सीडी आली, गाडी तीच आणि भोक तेच. आपल्याकडे तर स्वस्त मॉडेलांत त्या भोकावर नुसतं प्लास्टिकचं झाकण यायचं. गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात बाजारात जाऊन डेक टाकायचा, मागच्या काचेखालच्या फळीत लंबगोल स्पीकर बसवायचे, आणि पहिल्या रविवारी अख्ख्या सोसायटीला ऐकवायचं. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका रोज रात्री डेकची पुढची पट्टी काढून, डबीत घालून घरी न्यायचे.

ती पट्टी हीसुद्धा आयताचीच देणगी. जे सहज बसतं ते सहज निघतंही, हे सगळ्यात आधी चोरांना कळलं. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोक गाडीच्या काचेवर 'रेडिओ नाही' अशा पाट्या लावायचे. कंपन्यांनी मग अख्खा सेट खेचून काढायची मूठ दिली, नंतर निघणारी पट्टी आणि शेवटी कोड : बॅटरी सुटली की सेट चार आकडे विचारणार, येत नसतील तर मुका.

गाडी कंपन्यांना हे भोक आवडत नव्हतं ते वेगळ्या कारणाने. आपल्या गाडीच्या मधोमध दुसऱ्याने पैसे कमवायचे? त्यांनी स्टिरिओ गाडीबरोबरच द्यायला सुरुवात केली. किंमत गाडीच्या किमतीतच धरलेली, नको म्हणायची सोय नाही. अमेरिकेत स्टिरिओच्या दुकानदारांनी क्रायस्लरला कोर्टात खेचलं. खटला टाउन साउंड विरुद्ध क्रायस्लर. एका वस्तूच्या गळ्यात दुसरी बांधून विकणं हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असं त्यांचं म्हणणं. १९९२ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला तो क्रायस्लरच्या बाजूने : गाड्यांच्या बाजारात या कंपनीकडे तेवढी ताकद नाही, ग्राहकाला दुसरी गाडी घेता येते. कायद्याने बरोबर असेल. पण दुसरी कंपनीही तेच करत असेल तर ग्राहकाने जायचं कुठे?

खरा घाव घातला तो वायरींनी. बॉशने १९८६ मध्ये कॅन बस जगापुढे मांडली : प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार ओढण्याऐवजी दोन तारांवरून सगळ्यांनी आळीपाळीने बोलायचं. तांत्रिकदृष्ट्या सुंदर चीज आहे, माझी तक्रार नाही. पण त्या तारांवर कुठला संदेश म्हणजे काय, हे कंपनीचं गुपित. त्यामुळे भोकाचं माप उघड राहिलं तरी आतली भाषा बंद झाली. मग भोकही गेलं. एसी, कॅमेरा, गाडीची सेटिंग्ज सगळं एकाच स्क्रीनमध्ये आणि ती स्क्रीन डॅशबोर्डशी एकजीव.

ही कल्पनाही जुनीच निघाली. १९८६ च्या ब्युइक रिव्हिएरात टच स्क्रीन होती, खरीखुरी, टीव्हीसारख्या काचेच्या नळीची, हिरव्या अक्षरांची! रेडिओ, एसी, सगळं बोटाने. लोक वैतागले, कारण कुठे दाबायचं ते बघायला नजर रस्त्यावरून काढावी लागायची. १९९० च्या मॉडेलमध्ये बटणं परत आली. आज पुन्हा तेच चाललंय, आणि माझ्या सात इंची डब्यालाही आवाजाची फिरणारी कळ नाही हे मला पैसे दिल्यावर कळलं.

२०१४-१५ मध्ये कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो आले तेव्हा भोक वेगळ्या रूपात परत आल्यासारखं वाटलं. स्क्रीन कंपनीची असेना, आत फोन आपला. २०२३ मध्ये जनरल मोटर्सने जाहीर केलं की आपल्या नव्या विजेच्या गाड्यांत ही दोन्ही देणार नाही, स्वतःचंच सॉफ्टवेअर देणार. म्हणजे झाकण पुन्हा बंद. बाबांची पंधरा वर्षांची गाडी आठ हजारांत नकाशा दाखवायला शिकली. आज शोरूममधून निघणाऱ्या गाडीचं पंधरा वर्षांनी काय? तिची स्क्रीन मेली की एसीसुद्धा जाईल, आणि नाना पेठेत त्यावर फ्रेम मिळणार नाही.

हं, तर साडेपाच वाजण्याचं कोडं. आयएसओ प्लगमध्ये बॅटरीच्या दोन पिना असतात. चार नंबरवर कायमचे बारा व्होल्ट, यातून सेट घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवतो. सात नंबरवर फक्त किल्ली फिरवली की येणारे. मानक हे सांगतं. आणि काही युरोपीय कंपन्यांनी मानक घेतलं, प्लग घेतला आणि या दोन पिना मात्र उलट जोडल्या! माझ्या डब्याला किल्ली बंद होताच पूर्ण अंधार मिळत होता.

कपलरची टेप सोलली तर पिवळ्या आणि लाल वायरीच्या मध्ये दोन छोटे बुलेट कनेक्टर सापडले. कुण्या चिनी कारखान्यातल्या शहाण्या माणसाला हे सगळं ठाऊक होतं; त्याने तेवढ्यापुरती सोय करून ठेवली होती. (याच डब्याच्या सेटिंगमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती धडधडीत खोटी लिहिली आहे, तो वेगळा शहाणा.) दोन्ही उपटले, पिवळी लालला, लाल पिवळीला. पाच सेकंद. बाबांच्या गाडीत तेव्हापासून २०२५ चालू आहे.

संध्याकाळी बाबा खाली आले, स्क्रीन बघितली, "बरी दिसतेय" म्हणाले. मग विचारलं, "जुन्यातली सीडी काढलीस का?"

नव्हती काढली. सेट घरी आणला, जुन्या राउटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर त्याला जोडला. नारिंगी अक्षरं उजळली : कोड. आता आली का पंचाईत! मी लॅपटॉप उघडून सिरियल नंबरवरून कोड काढायची युक्ती शोधायला लागलो, तेवढ्यात बाबा कपाटातून सर्व्हिस बुक घेऊन आले. शेवटच्या पानावर, त्यांच्या अक्षरात, चार आकडे. खाली तारीख, २०१०.

सीडी बाहेर आली. त्यांनी ती शर्टाला पुसली, आणि मला विचारलं, नव्यात ही कुठून घालायची.