चौसष्ट घरांची अक्षरे

गेल्या वर्षी ऑफ तासाला नववीच्या वर्गावर गेलो, तर मागच्या बाकावर दोघे जण आलेखाच्या वहीत चौकोन रंगवीत बसले होते. जुन्या व्हिडिओ गेममध्ये असतात तशी ठोकळ्यांची अक्षरे. इंग्रजी नावे नेमकी उतरली होती. मराठी नावाचा मात्र पार चिखल झाला होता. "सर, आपलं अक्षर यात बसतच नाही," एक जण म्हणाला. घरी कन्नड बोलणाऱ्या त्याच्या सोबत्याचीही तीच तक्रार होती.

प्रश्न इतिहासाचा होता. १९७६ साली अमेरिकेत, अटारीच्या 'क्विझ शो' या खेळात ही अक्षरे दिसली. पुढे जपानच्या नामको कंपनीने तीच वळणे घेतली आणि १९८० च्या 'पॅक-मॅन'बरोबर ती जगभर पोहोचली. प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ, म्हणजे चौसष्ट घरे. घर एक तर उजळलेले, नाही तर काळे. एका घराला एक बिट, आठ बिटांचा एक बाइट; असे अख्खे अक्षर आठ बाइटांत मावे आणि सव्वीस अक्षरे २०८ बाइटांत. त्या काळी यंत्राची स्मृती फार महाग, म्हणून ही काटकसर.

आता याच घरांत 'मूर्ती' लिहून पाहा. वेलांटी आणि रफार यांना वर दोन ओळी, शिरोरेषेला एक, खालच्या ऊकाराला दोन, आणि पुढच्या ओळीपासून अंतर राखायला एक. उरल्या दोन. त्यांत 'म'ची गाठ आणि 'त'चे वळण बसवायचे कसे? कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लोंबतो. तिचीही तीच गत. सोळा बाय सोळा घरे घेतली की दोन्ही लिप्या मोकळा श्वास घेतात. पण मग एका अक्षराला ३२ बाइट, चौपट खर्च!

तो खर्च सोसून आपल्याकडे काम झाले. आयआयटी कानपूरला सुरू झालेले 'जिस्ट' तंत्र, १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला एकच, म्हणून संकेतही एकच. १९९१ साली 'इस्की' या नावाने तो भारतीय मानक झाला. कळ तीच, लिपी बदलली की मराठी 'क'च्या जागी कन्नड 'क' उमटतो. आज 'युनिफॉन्ट' या मोफत फाँटमध्ये दोन्ही लिप्या सोळा घरांच्या उंचीत आखलेल्या आहेत.

मी मुलांना सोळा घरांची चौकट आखून दिली. तास संपेपर्यंत एकाच पानावर दोघांची नावे आपापल्या लिपीत स्वच्छ उभी राहिली. अक्षरांत खोट नव्हती. चौकट दुसऱ्याच्या मापाची होती.