वाट्याला आलेली ओळ

इंग्रजी मजकुरात ‘अ टफ रोड टू हो’ असं पुष्कळदा छापून येतं. सांगायचं असतं की पुढचं काम कष्टाचं आहे. पण रस्ता कोण खुरपतं? मूळ प्रयोग ‘अ हार्ड रो टू हो’. रो म्हणजे पिकाची ओळ, आणि हो म्हणजे लांब दांड्याच्या खुरप्यानं तण काढणं. भरभर बोलताना ‘रो टू’ आणि ‘रोड टू’ कानाला जवळपास सारखेच लागतात. शेत न पाहिलेल्या माणसाला ओळखीचा वाटतो तो रस्ताच.

अमेरिकेत हा प्रयोग १८३५ पर्यंत रुळलेला होता. टेनेसीच्या डेव्ही क्रॉकेट या राजकारण्याच्या नावावर त्या साली निघालेल्या प्रवासवर्णनात तो आहे. पण त्यातला ‘हार्ड’ किती कठीण, हे समजायला सॉलोमन नॉर्थअप वाचावा. न्यूयॉर्क राज्यातल्या या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला १८४१ मध्ये फसवून गुलामगिरीत विकलं गेलं. लुइझियानातल्या कापसाच्या मळ्यांवर त्यानं वर्षानुवर्षं राबून काढली आणि सुटल्यावर १८५३ मध्ये सगळं लिहून काढलं. एप्रिलपासून जुलैपर्यंत खुरपणी चाले. शेत एकदा संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सर्वांत चपळ माणसाला पुढची ओळ मिळे. त्याला कुणी मागे टाकलं तर त्याला चाबूक, आणि जो मागे पडेल त्यालाही चाबूक. मुकादम घोड्यावरून मागे फिरत असे. आपल्याकडे खुरपणीत बाईच्या वाट्याला पात येते, तशीच ही रो. फक्त तिथे ती सोडून जायची मुभा नव्हती.

गुलामगिरी संपली तरी ओळी राहिल्या. कॅलिफोर्नियात लेट्यूस आणि बीटच्या शेतांत मजुरांना आखूड दांड्याचं खुरपं देत. दिवसभर कमरेत वाकून पाठी कायमच्या जात. मजूर त्याला स्पॅनिशमध्ये ‘एल कोर्तितो’ म्हणत. मोठ्या लढ्यानंतर १९७५ मध्ये त्यावर बंदी आली.

म्हणून मला ‘रोड’ खटकतो. रस्ता माणूस निवडतो, वाटलं तर बदलतो, आणि तो एकदाच पार करायचा असतो. रो दुसऱ्यानं नेमून दिलेली असते, तण पुन्हा उगवतं, आणि शेवटाला पोचल्यावर शेजारची ओळ उभी असते. एखाद्या परीक्षेला किंवा एका सामन्याला हा प्रयोग शोभत नाही. आजारी आईवडिलांची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या मुलीबद्दल लिहिताना तो जागच्या जागी बसतो.