व्हिस्टाडोमचं कूळ मालगाडीचं

मुंबई-पुणे डेक्कन एक्सप्रेसला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा लागला २६ जून २०२१ रोजी. त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये तो दादर-मडगाव जनशताब्दीला लागला होता. त्याहूनही आधी, १६ एप्रिल २०१७ रोजी, देशातला असा पहिला डबा विशाखापट्टणमहून अराकू खोऱ्याकडे निघाला. इथवरचा इतिहास रेल्वेवेड्यांना तोंडपाठ असतो. मी अडकलो ते अराकूच्या रुळांपाशी. हे रूळ सहलीसाठी सोडाच, प्रवाशांसाठीही टाकलेले नव्हते. ते टाकले गेले जपानच्या पोलाद कारखान्यांसाठी.

महायुद्धातून सावरणाऱ्या जपानला लोहखनिज हवं होतं आणि ते बस्तरमधल्या बैलाडिलाच्या डोंगरात होतं. (डोंगर बैलाच्या वशिंडासारखा दिसतो, म्हणून बैलाडिला.) तिथून विशाखापट्टणम बंदर गाठायला साठच्या दशकात पूर्वघाट फोडून कोत्तवलसा-किरंदुल मार्ग काढला. बोगद्यांमागून बोगदे आणि शिमिलीगुडा स्थानक तर समुद्रसपाटीपासून ९९६ मीटरवर. खनिजाच्या वाघिणी जाव्यात म्हणून एवढा खटाटोप झाला आणि अर्ध्या शतकानं त्याच रुळांवर लोक काचेतून आकाश बघत निघाले.

हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. माझं म्हणणं असं, की काचेच्या डब्याचं कूळच मालगाडीचं आहे.

पुरावा अमेरिकेतला. १९४४ मध्ये जनरल मोटर्सचे सायरस ऑस्बर्न कोलोरॅडोतल्या ग्लेनवुड दरीतून डिझेल इंजिनात बसून गेले. ते एफटी जातीचं, म्हणजे मुळात मालगाड्या ओढायला बनवलेलं इंजिन. समोरच्या काचेतून दरीचे कडे अंगावर येताना पाहून त्यांना सुचलं, की अशी जागा मिळाली तर लोक हौसेनं पैसे मोजतील. पुढच्याच वर्षी बर्लिंग्टन रेल्वेनं आपल्या ऑरोराच्या कारखान्यात एका चालू डब्याचं छत कापून त्यावर काचेचा घुमट चढवला. डब्याचं नाव ‘सिल्व्हर डोम’, प्रकाराचं नाव व्हिस्टा-डोम. आपल्या डब्यावर आज हेच नाव आहे, फक्त मधली रेघ गेली.

यावर कॅनडाकडून हरकत येते. विनिपेगच्या मॅकब्राइड यांनी १८९१ मध्येच अशा डब्याचं पेटंट घेतलं होतं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनेडियन पॅसिफिकनं छतावर काचेच्या मनोऱ्या असलेले डबे चालवलेही. हरकत मान्य, पण त्यानं माझीच बाजू बळकट होते. त्या मनोऱ्या आल्या कुठून? मालगाडीच्या शेवटच्या, गार्डाच्या डब्यावरून. अमेरिकेत १८६३ ची एक गोष्ट सांगतात. वॉटसन नावाच्या गार्डाच्या डब्याचं छत फुटलं होतं, तो खोक्यांवर चढून त्या भोकातून डोकं काढून बसला, अख्खी गाडी नजरेत आली आणि तिथं मनोरी बांधायची कल्पना निघाली. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल, पण वंशावळ तीच आहे. वाघिणींवर नजर ठेवायची जागा पुढे देखावा बघायची जागा झाली.

दुसरा दावेदार जास्त तगडा आहे. इटलीच्या ‘सेत्तेबेल्लो’ गाडीनं पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ड्रायव्हरला छतावर पाठवलं आणि गाडीचं नाक प्रवाशांना दिलं. इथं मालगाडीचा संबंध नाही, सगळा मामला श्रीमंतीचा. जपानच्या नागोया भागात १९६१ मध्ये आलेली मेइतेत्सुची पॅनोरमा कार मी याच घराण्यात घालतो. पण जपानच्याच किनतेत्सु कंपनीनं १९५८ मध्ये ओसाकाहून इसेकडे सोडलेल्या दुमजली गाडीचं नाव होतं ‘व्हिस्टा कार’. घुमट अमेरिकेचा, नावही अमेरिकेचं. म्हणजे जपानात दोन्ही घराणी नांदली आणि आपल्याकडे आलं ते मालगाडीवालं.

आपला बोरघाट तरी कुणासाठी खोदला? मुंबई बंदरात कापूस उतरावा म्हणून, १८६३ मध्ये. तिथं पावसाळ्यात गर्दी होते, पण मी हिवाळ्याचाच आग्रह धरीन. सकाळी डेक्कन एक्सप्रेसनं मुंबईहून निघायचं आणि दुपारी त्याच गाडीनं पुण्याहून परत फिरायचं. कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात आणि सदतिसात एक चढ सुरू होतो. धबधबे आटलेले असतात, धुकं नसतं, त्यामुळे कातळाचे थर एकावर एक सरळ मोजता येतात. पायाशी कळ दाबून खुर्ची दरीकडे फिरवावी. बोगद्याच्या तोंडाशी कमानीचा दगड डोक्यावरच्या काचेवरून सर्रकन सरकतो, आणि छत पत्र्याचं असताना आपल्या हातून काय निसटत होतं ते त्या क्षणी कळतं.

हे डबे घडतात चेन्नईच्या पेरंबूरला, इंटिग्रल कोच फॅक्टरीत. हिवाळ्यातच, पौष वद्य पंचमीला, कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांच्या आराधनेसाठी, म्हणजे पुण्यतिथीच्या उत्सवासाठी, तिरुवैयारूला निघालेल्या मुंबईकराची गाडी चेन्नईत शिरताना पेरंबूरवरूनच जाते. तिरुवैयारूला स्वतःचं स्टेशन नाही. भोसल्यांच्या तंजावरला उतरून तेरा किलोमीटर रस्त्यानं जायचं. तंजावरचा लोहमार्गही बंदरातून निघालेला आहे, १८६१ साली, नागपट्टणमहून. माझ्या कुळाच्या कसोटीला तो पुरेपूर उतरतो. शिवाय यात्रेला असा डबा नवा नाही: इसे हे जपानचं मोठं तीर्थक्षेत्र, म्हणजे व्हिस्टा कार यात्रेच्या वाटेवरच धावली.

मग मयिलादुतुरै-कुंभकोणम-तंजावर या सत्तरेक किलोमीटरच्या पट्ट्यावर आराधनेच्या दिवसांत एक व्हिस्टाडोम का लागू नये? तिथं घाट नाही, सगळा सपाट भातपट्टा, असं कुणी म्हणेल. त्यानं जपानच्या उत्तरेकडची त्सुगारू रेल्वे पाहावी. तोही भातशेतीचाच सपाट प्रदेश, हिवाळ्यात बर्फाखाली गेलेला. तरी १९३० पासून तिथं डिसेंबर ते मार्च कोळशाच्या शेगडीचा डबा धावतो, शेगडीवर सुकवलेले स्क्विड भाजून देतात आणि लांबलांबहून लोक त्यासाठी येतात. कावेरीच्या मुलखात जानेवारीत सांबा हंगामाचं भात कापणीला आलेलं असतं, कालव्यांना पाणी असतं, आणि डबे तर त्याच राज्यात तयार होतात.