दूरध्वनी-संभाषणाचे ध्वनिमुद्रण

दूरध्वनीवरून चाललेले संभाषण फितीवर किंवा अन्य माध्यमावर टिपून ठेवण्याची क्रिया. वार्ताहर, संशोधक व मौखिक इतिहासाचे अभ्यासक दूरस्थ व्यक्तींच्या मुलाखती घेताना तिचा उपयोग करतात. ही ध्वनिमुद्रणाची एक किरकोळ शाखा वाटत असली, तरी ध्वनिमुद्रणाच्या शोधामागील मूळ प्रेरणांपैकी ती एक होय. १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार झाला तेव्हा टॉमस आल्वा एडिसन हे दूरध्वनी व तारायंत्र यांवरच काम करीत होते. पुढच्याच वर्षी त्यांनी या यंत्राचे जे संभाव्य उपयोग सांगितले, त्यांत दूरध्वनीवरील बोलण्याची कायम नोंद ठेवणे हाही एक होता. डॅनिश अभियंते व्हाल्डेमार पोल्सेन हे तर कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतच नोकरीस होते. त्यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेच्या चुंबकनाने आवाज टिपणाऱ्या ‘टेलिग्राफोन’चे एकस्व मिळविले. घरी नसलेल्या ग्राहकासाठी निरोप नोंदवून ठेवणे हा त्यांचा हेतू होता. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे यंत्र गाजले. परंतु क्षीण आवाज मोठा करणारा इलेक्ट्रॉनीय विवर्धक तेव्हा उपलब्ध नसल्याने व्यापारात ते टिकले नाही.

यानंतरचा अडथळा तांत्रिक नव्हता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बेल प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० नंतरच्या दशकात चुंबकीय फितीवर दूरध्वनी-संदेश नोंदविणारे यंत्र सिद्ध केले होते. पण आपले बोलणे नोंदले जाते अशी शंका आली, तर लोक नाजूक व्यवहार दूरध्वनीवर बोलणार नाहीत, या भीतीने मूळ कंपनीने ते बाजारात आणले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इतरांची ध्वनिमुद्रक यंत्रे सर्रास मिळू लागली, तेव्हा तेथील संघराज्य संचार आयोगाने १९४७ मध्ये सशर्त अनुमती दिली. मुद्रण चालू असताना सुमारे दर पंधरा सेकंदांनी एक सूचक ध्वनी दोन्ही टोकांना ऐकू गेला पाहिजे आणि तो ध्वनी देणारी जोडणी दूरध्वनी कंपनीनेच पुरवावी, अशा या अटी होत्या. न्यायाच्या दृष्टीने पहिली अट रास्तच होती. मुलाखतकाराला मात्र ती अडचणीची होती. कारण मन मोकळे करू पाहणाऱ्या माणसाला मिनिटातून चार वेळा सावध केले, तर तो सावधच बोलणार.

कंपनीच्या मार्गिकेला बाहेरचे साधन जोडण्यास मनाई असल्याने तारेला स्पर्श न करणारे वेटोळे हा स्वस्त उपाय लोकप्रिय झाला. लोखंडी गाभ्यावर बारीक तारेचे पुष्कळ वेढे दिलेले व चूषण-चकतीने यंत्राला चिकटविता येणारे हे वेटोळे अगदी साधे असे. दूरध्वनीतील प्रवर्तन-वेटोळ्याभोवती किंवा कानाशी धरावयाच्या ग्राहीच्या विद्युत् चुंबकाभोवती संभाषणानुसार बदलणारे जे चुंबकीय क्षेत्र पसरलेले असते, त्यामुळे या वेटोळ्यात क्षीण विद्युत् दाब प्रवर्तित होतो. तो ध्वनिमुद्रकाच्या ध्वनिग्राहकाच्या खाचेत दिला की काम झाले. चकती नेमकी कोठे चिकटवायची हे प्रत्येक यंत्रावर सरकवून पाहूनच ठरवावे लागे. घरातील वीजपुरवठ्याची गुणगुण आवाजात मिसळे, आणि मुलाखतकाराचा स्वतःचा आवाज मोठा तर ज्याचे ऐकायचे त्याचाच बारीक, असा उफराटा प्रकार नेहमी घडे. सूचक ध्वनीच्या नियमातून हे वेटोळे सुटत नव्हते. पण ते कंपनीच्या लक्षात येणेही अवघड होते.

दूरध्वनीची मार्गिका साधारणपणे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंप्रता वाहून नेते. त्यामुळे महाग ध्वनिमुद्रक वापरून फारसे काही साधत नाही. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली छोटी कॅसेट संगीतासाठी प्रथम अपुरी मानली गेली, तरी या कामाला ती पुरेशी होती. १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने अमेरिकेत बाहेरची साधने मार्गिकेला जोडण्याचा मार्ग खुला झाला. धारित्र व छोटे रोहित्र यांच्या साहाय्याने मार्गिकेवरील एकदिश दाब अडवून फक्त आवाज घेणारी साधने त्यानंतर स्वस्तात मिळू लागली. कानात बसविण्याचा चिमुकला ध्वनिग्राहक हा आणखी एक सोपा मार्ग. ग्राहीतून येणारा आवाज आणि वापरणाऱ्याचा स्वतःचा आवाज तो एकदमच टिपतो.

भारतातील या विषयावरचा महत्त्वाचा निवाडा मुंबईतील एका प्रकरणातून उद्‌भवला. लाचेच्या आरोपासंबंधी १९६४ मध्ये पोलिसांनी एका डॉक्टरांच्या संमतीने त्यांच्या घरच्या दूरध्वनीला ध्वनिमुद्रक जोडला होता. आर. एम्. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ही फीत पुरावा म्हणून ग्राह्य धरली. बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती असल्याने १८८५ च्या तार अधिनियमाचा भंग झाला नाही, असे न्यायालयाचे मत पडले. संभाषण प्रस्तुत असावे, आवाजाची ओळख पटावी व फितीत खाडाखोड झाली नसल्याचे सिद्ध व्हावे, या कसोट्याही तेथे सांगितल्या आहेत. परंतु हा प्रश्न पुराव्याचा होता. कोणालाही न सांगता त्याची मुलाखत टिपण्याची मुभा या निवाड्याने दिली, असा अर्थ काढणे ओढूनताणून होईल. अमेरिकेत संघराज्याच्या १९६८ च्या कायद्याला एका पक्षाची संमती पुरते, तर कॅलिफोर्नियात गोपनीय संभाषणासाठी सर्वांची लागते. आंतरराज्य मुलाखतीत त्यामुळे दोन्ही ठिकाणचे कायदे पाहावे लागतात.

भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर मुद्रणाला वेगळे साधन लागेनासे झाले आणि खर्च जवळजवळ शून्यावर आला. गूगल कंपनीने २०२२ मध्ये परस्थ कार्यक्रमांच्या संभाषण-मुद्रणावर निर्बंध घातले. ॲपल कंपनीने २०२४ मध्ये आपल्या भ्रमणध्वनींत ही सोय दिली, तेव्हा मुद्रण सुरू होताच दोन्ही टोकांना ऐकू जाणारी सूचनाही तिने त्यात घातली. मुलाखतकाराच्या दृष्टीने १९४७ च्या सूचक ध्वनीहून ती सोयीची आहे. कारण ती बोलण्याच्या आरंभी येते व मध्ये पुनःपुन्हा वाजत नाही.