मार्टचे पॉइंट्स आणि रमजानचा किराणा

रमजान जवळ आला की किराण्याची यादी लांबते. बेसन, तेल, खजूर, शेवया, सरबताच्या बाटल्या. नेमकं याच दिवसांत मार्टच्या काउंटरवर प्रश्न येतो, "मोबाईल नंबर सांगा, पॉइंट्स जमा होतील." आपण नंबर सांगून मोकळे होतो. त्यातून खरंच किती वाचतं?

समजा, १०० रुपयांच्या खरेदीवर एक पॉइंट मिळतो आणि एका पॉइंटची किंमत ५० पैसे आहे. महिन्याला ६,००० रुपयांचा किराणा घेतला तर ६० पॉइंट्स, म्हणजे ३० रुपये. अर्धा टक्का सूट! तेवढ्यात जाण्यायेण्याचं रिक्षाभाडंही निघत नाही. शिवाय बऱ्याच योजनांत पॉइंट्सना मुदत असते. आमचे एका दुकानातले वर्षभराचे पॉइंट्स असेच गेले, आम्हाला कळलंसुद्धा नाही. डी-मार्टने तर पॉइंट्सच्या भानगडीत न पडता रोजच्याच कमी दरावर धंदा वाढवला.

पॉइंट्सपेक्षा जास्त पैसे पाकिटाच्या वजनात जातात. तेलाचंच घ्या. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पण शेल्फवर तशाच दिसणाऱ्या ८०० आणि ८५० ग्रॅमच्या पिशव्याही असतात. ९१० ग्रॅमची पिशवी १५० रुपयांना आणि ८०० ग्रॅमची १३८ रुपयांना असेल, तर हात दुसरीकडे जातो. हिशेब मात्र उलटा आहे: पहिलीत १०० ग्रॅमला साडेसोळा रुपये पडतात, दुसरीत सव्वासतरा.

पाकिटबंद मालावर एमआरपीसोबत ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापण्याचा नियम लागू आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाला ग्रॅमचा दर असतो, जास्त वजनाला किलोचा. म्हणून तुलना करताना ग्रॅमच्या दराला १००० ने गुणावं. हा दर एमआरपीवरून काढलेला असतो, ऑफरच्या किमतीवरून नाही. ऑफर असेल तर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर स्वतः भागाकार करावा. मुलांना हे काम द्या, आमचे सहावीचे विद्यार्थी आमच्याआधी उत्तर काढतात.

"९९९ च्या खरेदीवर साखर स्वस्त" अशा पाट्यांचं गणित वेगळं. यादी ७५० रुपयांत संपत असेल आणि साखरेवर ४० रुपये वाचवायला अडीचशेची बिस्किटं टोपलीत पडली, तर ती बचत नाही, इसराफ आहे. हां, तेच सामान पुढच्या आठवड्यात लागणारच असेल तर खुशाल घ्या.

मार्टच्या नावाचं क्रेडिट कार्डही काउंटरवर पुढे केलं जातं, पॉइंट्स दुप्पट म्हणून. त्याबाबत जास्त सावध राहावं. पॉइंट्स ही दुकानाने दिलेली सूट, पण कार्डाचं बिल मुदतीत पूर्ण भरलं नाही तर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज लागू शकतं. अर्ध्या टक्क्यासाठी व्याजाच्या दारात का उभं राहायचं? कार्ड घ्यायचंच असेल तर आधी आपल्या मुफ्तीसाहेबांना मसला विचारून घ्यावा.

मोहल्ल्यातल्या किराणावाल्याकडे पॉइंट्स नाहीत, पण पाव किलो बेसन तो सुटं देतो, आणि खराब खजूर बिनबोभाट बदलून देतो.

बिल करण्यासाठी मोबाईल नंबर देणं सक्तीचं नाही, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानांना तसं कळवलं आहे. नंबरावाचून बिल अडवलं किंवा एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर बिल जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.